वाटेवरचा माठ

नदीनं यंदा अकरा ताड नेले.
ऊ फो थाउंग रोज सकाळी मोजतो,
कमरेला सुरी, खांद्यावर बांबूची शिडी,
उरलेल्या झाडांकडे बोट करत,
गुरं मोजावीत तसा.
त्रेपन्न, म्हणाला काल.
पावसाआधी चौसष्ट होते.

दरड कोसळते ती रात्री,
धप्प,
बैलगाडीतून तिळाचं पोतं पडावं तशी.
आम्ही कूस बदलतो.
सकाळी शाळेचं कुंपण
दोन पावलं अलीकडे आणतो.

आमच्या थानबिन्ज्वात आठवड्याला आठ वार.
बुधवार भर दुपारी मोडतो,
मागचा तुकडा राहूचा.
माझा भाऊ त्या तुकड्यातला.
पॅगोड्याच्या वायव्य कोपऱ्यात,
बिनसुळ्यांच्या हत्तीपाशी,
आई त्याच्या वयाइतके पेले पाणी ओतते,
वर एक जास्तीचा.
यंदा अठ्ठावीस झाले.
शेवटचे सहा त्याला न बघता मोजलेले.

आणि चिंचेखालच्या माचणावर
वाटसरूंसाठी दोन माठ, ते वेगळेच.
नवा रस्ता शेतांपलीकडून गेला
तेव्हापासून या वाटेनं शेळ्या येतात,
कधी घाण्याचा मालक
थकलेली उधारी मागायला,
तोही घरूनच पिऊन निघालेला.
तरी विहिरीच्या चार खेपा आईच्या चुकत नाहीत.
"तहानलेला काय रस्ता विचारून येतो?"

आता हे मी कुणाला सांगितलेलं नाही:
संध्याकाळी ते पाणी मी काढते.
सगळं नाही. एका माणसाला लागेल तेवढं.

पहिल्यांदा केस धुवायला घेतलं होतं, आळसानं,
विहीर लांब म्हणून.
दुसऱ्या दिवशी आई माठात वाकून म्हणाली,
"आलं होतं कुणीतरी.
तहान मोठी होती हो त्याची."
त्या दिवशी तिनं मासळीच्या चटणीत
मिरची सढळ हातानं घातली
आणि भात दोनदा वाढून घेतला.

तेव्हापासून रोज.
थनाखाच्या रोपाला घालते.
रोप माझ्या खांद्याला आलंय,
साल उगाळण्याजोगं व्हायला
अजून किती वर्षं, कोण जाणे,
आणि आपण कुणाच्या वाटणीचं पितोय
हे त्यालाही माहीत नाही.

ऊ फो थाउंगला माहीत आहे.
ताडावरून सगळं दिसतं.
एकदा नीरेचं मडकं उतरवता उतरवता
वरूनच म्हणाला,
"पोरी, मोठ्यातलं काढत जा.
धाकट्यातलं कमी झालेलं
म्हातारीला दिसत नाही."
मग उरलेला अर्धा ताड तो
काहीच न बोलल्यासारखा उतरला.

परवा गेले तर
जर्मनचा पेला उताणा.
आम्ही पालथा ठेवतो, पाल शिरते म्हणून.
मोठ्या माठात पाणी चार बोटं खाली.
धुळीत चपलांचे ठसे,
डावी टाच झिजलेली,
येतानाचे गावाकडे तोंड करून,
जातानाचे तिळाच्या शेताकडे.
मधे, चिंचेच्या मुळाशी,
कुणी बराच वेळ बसलं होतं.

त्या संध्याकाळी मी पाणी काढलं नाही.
रोप कोरडं राहिलं.
पेला पालथा घातला
आणि पदर नसलेल्या या लुंजीला
ओले नसलेले हात पुसत
घरी आले.
आईला काय सांगणार?
की आज खरंच?
म्हणजे इतके दिवस?

रात्री काठाकडे धप्प झालं.
बावन्न, मी अंथरुणातच म्हटलं.
पहाटे रहाट कुरकुरला, नेहमीपेक्षा लवकर.
बाहेर आले तर आई
अंधारात दोर ओढत होती.
"इतक्यात?"
"अगं, माठ भरायचेत,"
म्हणाली,
रोज म्हणते तसंच.